चिंधी बांधलेले वेल

न्हाणीघराच्या मागे कुंपणाशी माती फुगली की मी समजतो, कंद जागे झाले. त्यांना कुणी पाणी घातलेलं नसतं, खत टाकलेलं नसतं. हिवाळा-उन्हाळा तिथं काही आहे याची खूणही राहत नाही. मग जमीन पुरती भिजली की एका सकाळी बोटाएवढा कोंब वर आलेला दिसतो. आठवडाभरात तो आधाराला काटकी शोधतो, आणि आषाढ सरेपर्यंत कुंपणाची तार पानांखाली दिसेनाशी होते. करटुलीचे पाच वेल आहेत. पाचही माझ्या बायकोने लावलेले. पाचही दर पावसाळ्यात न चुकता येतात. ती येत नाही.

यात वाईट काही नाही, हे आधीच सांगतो. सुमन खुशाल आहे. हैदराबादला मुलीकडे आहे, नातीला सांभाळते. जाताना तीन महिन्यांचं बोलणं झालं होतं. आता नात तीन वर्षांची होत आली आणि सुमनशिवायचा हा तिसरा पावसाळा. दिवाळीला सगळे येतात, आठवडाभर घर भरतं, मग सगळे जातात. माझा जन्म हिशेबाच्या टेबलावर गेला, त्यामुळे हे असं कसं झालं ते मी एकदा नीट मांडून पाहिलं. मुलीची नोकरी, माझी इथली नोकरी, जावयाच्या कामाच्या पाळ्या, पोरीची सारखी होणारी सर्दी, पाळणाघराचा अनुभव, सगळं जिथल्या तिथं बरोबर आहे. बेरीजही बरोबर आहे. फक्त शिल्लक म्हणून मी उरतो.

जव्हारचा पाऊस एकट्या माणसाला मानवत नाही. धुकं दारातून आत येतं आणि बसून राहतं. दोरीवर माझे दोन शर्ट चार दिवस ओलेच लटकतात, आणि मधली दोरी रिकामी दिसते. एका माणसाचा भात छोट्या कुकरलासुद्धा कमी पडतो. खाली करपतो नाहीतर वर कच्चा राहतो. शेवटी मी दोन वेळचा एकदम लावायला लागलो. शनिवार-रविवारी शिरपामाळ बघायला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या फाटकापाशी थांबतात, काच खाली करून कुणी रस्ता विचारतं, मी सांगतो. कधी कधी आठवड्याभरात समोरासमोर झालेलं माझं कामाबाहेरचं सगळ्यात लांब बोलणं तेवढंच असतं.

हे वेल आणि नात झाली तो पावसाळा माझ्या मनात एकत्रच राहतात. अश्विनी, आमची एकुलती एक, बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या वर्षी एकदा दिवस राहून गेले होते, त्यामुळे घरात सगळे जरा दबकूनच बोलत. सुमन तर तिला उंबरा ओलांडतानाही हात धरायची. मागच्या पडवीत वेताच्या खुर्चीत बसून, समोर पाट घेऊन त्यावर सुजलेली पावलं ठेवून अश्विनी दिवसभर पाऊस बघायची, आणि तिच्या बरोबर समोर कुंपणावर हे वेल चढत होते.

ते सुमनने लेकीसाठीच लावले होते. लेकीला करटुलीची भाजी फार आवडते. सुमनचं माहेर पोशेऱ्याचं. आदल्या पावसाळ्यात ती भावाच्या शेतावर गेली असताना बांधाबांधाने हिंडून ज्या वेलांना भरपूर फळ होतं तेवढे तिने हेरले, आणि जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून त्यांच्या बुडाशी बांधून आली. खूण केल्याशिवाय चालत नाही, कारण दिवाळीनंतर वेल वाळून जातो आणि खाली कंद कुठे आहे ते कळत नाही. थंडीत आम्ही दोघं गेलो. मी कुदळ मारली आणि तिने चिंधीखालचे कंद एकेक करून पिशवीत भरले. "एकही वांझा नाही यात," ती मला म्हणाली. वांझा म्हणजे ज्याला फुलं येतात पण फळ कधीच धरत नाही असा वेल. तिकडे त्याला तेच म्हणतात. निवड तिने माझ्यापेक्षाही चोख केली होती, आणि मी तसं तिला बोलूनही दाखवलं.

श्रावणाच्या तोंडाला पिवळी फुलं आली. करटुलीचं फूल दिवसा उमलत नाही. दिवेलागणीला उमलतं, आणि अंधार पडायच्या आत सगळं कुंपण फिकट पिवळं होतं. वास मंद, जरा उग्र. प्रत्येक फुलाखाली काटेरी हिरवा मणी असतो, हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. म्हणजे फळ आधीच तयार, फक्त वाढायचं बाकी. सुमन हाताने मणी चाचपून बघायची आणि आत येऊन सांगायची, "पुढच्या आठवड्यात भाजी."

पुढच्या आठवड्यात मणी पिवळे पडले आणि गळायला लागले.

मला हे उशिरा कळलं, कारण मला काही दिसायचंच नाही. सकाळी मी उठायचो तेव्हा कुंपणाखाली स्वच्छ झाडलेलं असायचं. एकदा लवकर जाग आली तर सुमन खराटा आणि सुपली घेऊन वाकलेली. सुपलीत पिवळे मणी.

"हे काय?"

"हळू बोला. उठेल ती."

"गळाली होय सगळी?"

"रोजच गळतात. तिला दिसायला नको." तिने सुपली पदराआड धरली आणि परसाच्या टोकाला खड्ड्यात उलटी केली. वर माती लोटली. आदल्या वर्षीचं तिच्याही मनात होतं, माझ्याही. कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर मीही तिच्यासोबत उठायला लागलो. ती झाडायची, मी वाकून पानांत अडकलेले वेचायचो. दोन प्रौढ माणसं, पहाटे, टॉवेल डोक्यावर घेऊन, पावसात, गळालेल्या फळांचा माग पुसत होती. आज कुणाला सांगितलं तर हसेल. तेव्हा आम्ही दोघंही हसलो नाही. पण एवढी वर्षं संसार करून आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांशी न बोलता, असं रोजचं काम दुसरं कुठलं केलं होतं का, ते मला आठवत नाही.

अश्विनीने आम्हाला पकडलंच. एके दिवशी पाठ दुखते म्हणून ती लवकर उठली आणि पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली.

"आई, काय लपवतेस?"

"कुठं काय. कचरा."

"सुपली दाखव."

सुमनने मान फिरवली. अश्विनी सावकाश पायऱ्या उतरली, सुपलीतला एक मणी उचलून नखाने उभा चिरला, आतलं बघितलं आणि मग कुंपणाशी जाऊन एकेक वेल निरखत राहिली. ती तिकडे कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बघता बघता तिला हसू फुटलं. पोट धरून ती हसत होती आणि सुमन घाबरून "अगं जपून, जपून" करत होती.

"आई, सगळ्या बायाच आणल्यास गं तू!"

"म्हणजे?"

"करटुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फळ धरतं ते मादीलाच. तू फळ बघून चिंध्या बांधल्यास ना? मग पाचही माद्या निघाल्या. तुझा तो वांझा असतो ना, तो नर. त्याचे पराग इथल्या फुलांवर आल्याशिवाय हे मणी वाढायचे नाहीत. यात माझं काही नाही आणि कुणाचंच काही नाही."

सुमन खराटा हातात धरून उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. कितीतरी दिवसांनी तिने श्वास पूर्ण सोडला असं वाटलं. मग ती सावरली.

"किती नर लागतात?"

"आठ-दहा मादी वेलांना एक पुरतो."

"एक?" सुमन माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि इथं मला एकाचंच सगळं करता करता पुरेवाट होते."

त्या सकाळी आम्ही तिघं पडवीत चहा घेत बसलो आणि अश्विनीने आईला सगळं फोड करून सांगितलं. परागकण फुलाच्या मधल्या चिकट टोकावर पडतो. त्या टोकाला कुक्षी म्हणतात. तिथं तो रुजतो आणि त्याच्यातून केसापेक्षा बारीक नळी निघते. ती नळी खाली खाली वाढत अंडाशयातल्या बीजांडापर्यंत पोचते. नळीतून दोन पेशी जातात. एकीपासून पुढच्या झाडाचा जीव होतो. दुसरी स्वतः झाड होत नाही. तिच्यापासून त्या जिवाला पुरेल एवढं खाणं तयार होतं. आणि एका बीजाला एक परागकण लागतोच. जेवढी बीजं तेवढे कण. हा हिशेब मला पटला आणि लक्षातही राहिला.

"म्हणजे एक जन्माला आणायला आणि एक शिदोरीला," सुमन म्हणाली.

"हो. आणि बी रुजलं की ती शिदोरी संपते."

"संपायचीच. त्यासाठीच असते ती." सुमनने कप उचलले. "पुढच्या वर्षी दामूकडून नर आणू." दामू तिचा भाऊ.

पोळ्याच्या आसपास नात झाली. सुखरूप. दिवाळीनंतर सुमन मायलेकींबरोबर गेली. नर आणायचा राहिला.

मी एकटा असताना त्या दोन पेशींचा विचार पुष्कळ वेळा करतो. सुमन तिकडे काय आहे ते मला समजतं, आणि त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. व्हिडिओ कॉलवर नात तिच्या मांडीवरून उतरत नाही. सुमनचे केस पांढरे झाले आहेत. तिकडे रंगवायला वेळ मिळत नाही म्हणते. तिला आता बाजारातल्या भाज्यांची तेलुगू नावं येतात. मागच्या पावसाळ्यात सांगत होती, "अहो, इथं करटुली मिळतात. मोठाली असतात. चव नाही तेवढी, पण मिळतात." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ कुंपणाकडे बघत बसलो. तिथं मिळतात म्हटल्यावर इथल्या वेलांना तिला द्यायला काय उरलं, असं काहीतरी मनात आलं.

तिचा फोन रविवारी सकाळी येतो. त्याआधी मी कुंपणाखाली झाडून घेतो. "वेल कसे आहेत?" ती विचारते, मी फोन तिकडे फिरवतो, तिला हिरवंगार कुंपण दिसतं आणि खाली स्वच्छ जमीन. "छान आहेत," ती म्हणते. मग मी विचारतो, "तिकडचं काय ठरतंय?" ती म्हणते, "बघू." तीन पावसाळे हेच. पहाटे मी सुपली त्याच खड्ड्यात उलटी करतो आणि वर माती लोटतो. तेव्हा लेकीपासून लपवायचं होतं. आता सुमनपासून.

यंदा फुलं आली तशी मी एका सुट्टीच्या दिवशी पोशेऱ्याला गेलो. रस्त्याला मोखाड्यापुढे दोन्ही बाजूंना नाचणीची लावणी उरकलेली, उतारावर बायका इरली घेऊन वरईत वाकलेल्या. दामू बांधावर उभा राहून पाणी फोडत होता. मला एकट्याला बघून त्याने फावडं खाली टेकलं.

"दाजी! ताईनं धाडलं काय?"

"नाही, मीच आलो. करटुलीचा नर पाहिजे."

"काय पाहिजे?"

"नर वेल. वांझा."

दामू आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून हसला. "लोक पोरीसाठी नवरा बघाया येतात. तुम्ही वेलासाठी आलाव?"

"हसून घे. आहे का?"

"होता की. हितंच होता. ताई चिंध्या बांधीत होती तवा तिच्या हाताशीच होता. फुकटची जागा खातो म्हणून औंदा उपटून टाकला."

"मग तुझ्या करटुलींना फळ धरलंय?"

दामूने बांधाकडे नजर टाकली. हसू हळूहळू ओसरलं. "औंदा कमीच दिसतंय खरं," तो म्हणाला आणि फावडं उचलून मुकाट्याने ओहोळाकडे चालायला लागला. मी त्याच्या मागे.

पलीकडच्या उतारावर करवंदीच्या जाळीत एक सापडला. त्याच्या कळ्यांखाली मणी नव्हता. देठावर मात्र टोपीसारखं एक लहान पान होतं. "हा बघा टोपीवाला नवरदेव," दामू म्हणाला. उमलायला आलेल्या कळ्या आम्ही देठासकट खुडल्या, डब्यात ओला फडका घातला आणि त्यात ठेवल्या. वेलाच्या बुडाशी त्याने स्वतःच्या पंच्याची पट्टी फाडून बांधली. थंडीत काढू म्हणाला, एक तुमच्याकडं, एक माझ्या बांधाला, कुदळीनं फोडून बघू जमतं का.

परतताना त्याने विचारलं, "ताई कवा येणार?"

"बघू म्हणते."

"तुम्ही ये म्हणलाव?"

"म्हणायचं काय त्यात? तिला ठाऊक आहे."

"नाय, म्हणून बघा. आमची ताई लहानपणी हाक मारल्याबिगर जेवाय यायची नाय. भुकेली बसंल, पर हाक पायजे. आई हाक मारून मारून दमायची." तो पुन्हा हसला. "तुम्हाला नाय माहीत?"

मला माहीत नव्हतं. मी दिवसांची, खर्चाची, फुलांची मोजदाद ठेवणारा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट माझ्याकडे कुठे नोंदलेली नव्हती. आमच्या घरात जेवायला हाक तीच मारायची.

संध्याकाळी पाऊस थोडा उघडला. डब्यातल्या कळ्या पाण्यात ठेवल्या होत्या, त्या कुंपणावरच्या फुलांबरोबरच उमलल्या. मी फोनचा दिवा हनुवटीखाली धरला आणि एकेका नर फुलाच्या पाकळ्या मागे मोडून, पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधल्या टोकाला लावत गेलो. माझी बोटं कागद उलटायच्या कामाची. हे काम पाखरांचं. पावसाने पराग धुऊन जाऊ नये म्हणून प्रत्येक फुलावर कागदाचं टोपरं घातलं. शेजारच्या घरातून कुणी बघितलं असतं तर म्हातारा बिघडला म्हटलं असतं. शेजारचं घर गेल्या वर्षापासून बंद आहे, म्हणून ती काळजी नव्हती.

नंतरचे दिवस मी त्या फुलांना हात लावला नाही. बहुतेक मणी पिवळे पडले आणि आपल्या वेळेला खाली आले. त्याच रात्री पुन्हा मोठी सर येऊन गेली होती, टोपरी भिजून लगदा झाली होती. एक मणी मात्र हिरवा राहिला. मग तो सुपारीएवढा झाला. मग काटे फुगले. एका बाजूने भरला आणि दुसरी बाजू चपटी राहिली, त्यामुळे फळ थोडं वाकलं. अश्विनीने सांगितलेलं आठवलं. चपट्या बाजूच्या बीजांना कण पोचले नाहीत.

गेल्या रविवारी फोन यायच्या आधी खराटा हातात घेतला आणि तसाच परत भिंतीला टेकवून ठेवला.

"वेल कसे आहेत?" सुमनने विचारलं.

मी फोन फिरवला. आधी जमीन दाखवली.

"अगं बाई. हे काय हो? अजून एवढी गळतात?"

"दर वर्षी."

"मला कधी दिसली नाहीत."

"मी झाडतो. तुझा फोन यायच्या आधी."

मागे नात कसलंसं गाणं म्हणत होती. मग मी वाकडं करटुलं दाखवलं आणि दामूचं, डब्याचं, कागदाच्या टोपऱ्यांचं सांगितलं. टोपरं म्हटल्यावर ती हसली. "एकाची भाजी कशी होणार," ती म्हणाली, "पण पहिलंच आहे."

"सुमन," मी म्हटलं, "ये."

एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य जुळवलं होतं, पण ते आलं नाही. तिकडे फोन खाली ठेवल्यासारखा झाला आणि मला छतावरचा पंखा दिसायला लागला. हैदराबादचा पंखा, तीन पाती, सावकाश फिरणारा. तो मी बराच वेळ बघितला. मग पंख्यातूनच आल्यासारखा तिचा आवाज आला.

"ते तोडू नका. पिकू दे. आणि कुणाला देऊन टाकू नका."

"नाही देत."

"मी अश्विनीशी बोलते."

बघू म्हणाली नाही.

फळाला मी जुन्या ओढणीचा तुकडा सैल बांधून ठेवला आहे, माशी बसू नये म्हणून. एका बाजूने पिवळसर रंग चढायला लागला आहे. पुरतं पिकलं की करटुलं आपोआप उकलतं, आतला लाल गर बाहेर येतो आणि पाखरं बी घेऊन जातात. ते कुणासाठी थांबत नाही. ती त्याआधी येते की नाही, हे मला ठाऊक नाही. रोज संध्याकाळी फुलं उमलतात तेव्हा मी पडवीत वेताच्या खुर्चीत बसतो. खाली पिवळे मणी पडलेले असतात. कुंपणाखाली सध्या मी झाडत नाही.